रेझर नवा, हात हलका

नव्या रेझरची पहिली दाढी ऑफिसला निघायच्या घाईत करायची नाही. रविवारी सकाळी कर, नाहीतर रात्री जेवणाआधी निवांत कर. कॉलेजपासून तुझा हात कार्ट्रिजच्या रेझरला सरावलेला आहे. त्याचं डोकं मागेपुढे डुलतं, गालाच्या उतारावर आपोआप टेकतं, दांडा कसाही धरला तरी ते सांभाळून घेतं. या सेफ्टी रेझरचं डोकं जागचं हलत नाही. गालाशी किती कोन ठेवायचा, ते आता तुझ्या मनगटाला शिकावं लागणार. मनगट शिकतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

तू रेझर दाखवलास तेव्हा मी तो नीट पाहिला. वस्तू चांगली आहे. दांड्यावरची खरबरीत नक्षी साफ कापलेली आहे, आटे न अडकता फिरतात. पण एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेव. तू पैसे मोजून घेतलं आहेस ते ब्लेड घट्ट आणि सरळ धरून ठेवणारं साधन. केस कापतं ते दोन-पाच रुपयांचं ब्लेड, केस मऊ करतं पाणी, आणि हे सगळं चालवतो तुझा हात. माझ्या वडिलांनी मला शिकवलं ते याच क्रमाने. काही गोष्टी आमच्या आळीतल्या नाभिक काकांकडून कळल्या, आणि थोड्या टूलरूममध्ये पोलादाशी आयुष्यभर संबंध आला म्हणून. त्या आता तुझ्या हवाली करतो.

रेझर आधी पूर्ण उघड. तुझा तीन भागांचा आहे: वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा. तिन्ही भाग भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धू, कारण कारखान्यातलं तेल आणि पॉलिशची भुकटी आट्यांत बसलेली असते. ब्लेड न घालता दोन-तीनदा जोडून-उघडून बघ, म्हणजे ओल्या हाताने करताना गोंधळ होणार नाही. मग ब्लेड. ते नेहमी आखूड बाजूंनी, म्हणजे ज्या टोकांना धार नाही तिथे धरायचं. टोपी उताणी ठेवायची, ब्लेड तिच्या खुंट्यांवर बसवायचं, वर पट्टी ठेवायची आणि दांडा फिरवत आवळायचा. आवळताना टोपीची दोन टोकं बोटांत दाबून धर, म्हणजे ब्लेड तिरकं बसत नाही. शेवटी उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंना डोकावणारी धार सारखी दिसते का ते पाहा. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसली, तर खोलून पुन्हा बसव. या एका तपासणीने निम्मे ओरखडे टळतात.

आवळायचं ते बोटांच्या ताकदीने. पक्कड, फडकं, जोर, काही नको. बरेच चांगले, नावाजलेले रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात आणि वर क्रोमचा मुलामा असतो. त्यांचे आटे अतिजोराने झिजतात, आणि रेझर फरशीवर पडला तर नेमकी टोपीची आट्यांची खुंटी मोडते. तुझा पूर्ण स्टेनलेस स्टीलचा आहे, तो एवढ्याने मोडणार नाही. पण सवय चांगलीच लावून घे.

जास्तीचे पैसे कशाला लागतात, हे तुला कळायला हवं. ओतीव रेझर साच्यात वितळलेला धातू ओतून होतो. ते काम भराभर आणि स्वस्तात होतं, आणि चांगल्या कंपन्या ते अचूकही करतात. जर्मनीतल्या सोलिंगेनचा मर्कुर किंवा म्यूलेचा आर ८९ हे याच जातीचे रेझर आहेत, आणि त्यांवर वर्षानुवर्षं सुखाने दाढी करणारे लोक आहेत. पितळेचा रेझर त्याहून दणकट. स्टेनलेसचा मात्र मशीनवर कापून काढावा लागतो. धातू कठीण, हत्यारं लवकर झिजतात, एकेका नगाला वेळ लागतो. म्हणून किंमत चढते. त्याचं फळ असं की मुलामा उडण्याचा प्रश्न राहत नाही आणि ब्लेडच्या दोन्ही बाजूंना फट तंतोतंत सारखी मिळते. नीट वापरलास तर हा रेझर तुझ्या मुलाच्या हातातही चालेल. एवढ्यासाठी पैसे दिले असशील तर ते योग्य आहेत. दाढी आपोआप गुळगुळीत होईल म्हणून दिले असशील, तर ती अपेक्षा आत्ताच सोड.

मित्रांपैकी कुणी विचारलं की पहिला रेझर कोणता घेऊ, तर त्याला सौम्य रेझर सांग. सौम्य म्हणजे ज्यात ब्लेडची धार टोपी आणि पट्टीच्या मधून अगदी थोडी बाहेर असते. पट्टी सरळ असावी. दाते असलेली पट्टी आठवडाभर वाढलेल्या दाढीला बरी, रोज करणाऱ्याला तिची गरज नाही. म्यूलेचाच आर ४१ फार जहाल समजला जातो. तो नवशिक्याच्या हातात देऊ नये. फट कमी-जास्त करता येणारे रेझरही मिळतात. घेतला तर महिनाभर सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवावा.

आता ब्लेडकडे ये, कारण खरी धार तिथे आहे. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतला फिरता विक्रेता. वापरून फेकून देता येईल असं पातळ ब्लेड करायची कल्पना त्याला १८९५ साली सुचली. कल्पना त्याची, पण एवढं पातळ पोलाद कठीण करून त्याला धार कशी लावायची, हे बरेच दिवस कुणालाच जमेना. ते जमवलं विल्यम निकरसन या एमआयटीत शिकलेल्या संशोधकाने. १९०३ साली कंपनीने अवघे ५१ रेझर विकले. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि धंदा वाढत गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात हा रेझर गेला, आणि परतलेल्या सैनिकांनी घरी रोज आपली आपण दाढी करायची सवय पक्की केली. टूलरूमच्या माणसाला या हकिगतीत निकरसन मोठा वाटतो. दांडा कुणीही करील. एवढ्या पातळ पट्टीला टिकाऊ धार आणणं हे खरं काम होतं. आजचं ब्लेड साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचं असतं. मोठा फरक हा की १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते स्टेनलेस झालं आणि धारेवर बारीक लेप आला, त्यामुळे ते गंजत नाही आणि कातडीवरून सरकतं.

आपल्याकडे ब्लेडची चैन आहे. टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन अशी कितीतरी नावं वाण्याच्या दुकानात मिळतात. जपानची फेदर महाग आणि अतिशय तीक्ष्ण. ती ऐकून-वाचून तू लगेच मागवशील, म्हणून आधीच सांगतो, पहिला महिना तिला हात लावू नकोस. हात बसल्याशिवाय तेवढी धार अंगावर येते. मध्यम धारेचं, सहज मिळणारं एक ब्लेड निवड आणि महिनाभर तेच वापर. रेझर नवा, ब्लेड नवं, क्रीम नवं असं सगळं एकदम बदललं तर आग कशाने झाली ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. यंत्रातला बिघाडही आम्ही असाच शोधायचो. महिन्यानंतर मग तीन-चार प्रकारची ब्लेडं आणून बघ. एकाच रेझरमध्ये एक ब्लेड एकाला लोण्यासारखं लागतं आणि दुसऱ्याला ओढतं, कारण दोघांचे केस आणि कातडी वेगळी. दुसऱ्याच्या शिफारशीने ब्लेड पक्कं करू नये.

एक ब्लेड किती दाढ्या चालवायचं? साधारण तीन ते पाच. दाट, राठ केस असतील तर तीनच. मोजण्यापेक्षा खूण ओळख: हनुवटीवर केस ओढल्यासारखा वाटला की त्याच दिवशी ब्लेड काढून टाक. आजच्या दिवस चालवू म्हणून जे चालवतात, तेच गळ्यावर रक्त काढून घेतात. दोन-पाच रुपयांच्या वस्तूवर काटकसर करायची ही जागा नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत ब्लेड पुरवून पुरवून वापरायचे, काचेच्या पेल्यात आतून घासून धार काढायचे. त्यांचा तो काळ टंचाईचा होता. तुला तशी वेळ नाही.

केसाने पोलादाची धार जाते कशी, हा प्रश्न मला फार वर्षं होता. केस पोलादापेक्षा पन्नासपट मऊ. २०२० साली एमआयटीतल्या संशोधकांनी याचा शोध घेतला. त्यांच्यातल्या एकाने स्वतःची दाढी करून ब्लेड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. धार झिजून बोथट होण्याऐवजी तिचे सूक्ष्म टवके उडालेले दिसले. केस वाकून तिरका लागतो आणि धारेतली पोलादाची रचना त्या जागी सारखी नसते, तेव्हा टवका उडतो. 'सायन्स' या नियतकालिकात ते छापून आलं. वडील म्हणायचे, दाढी ब्लेडने होते, पण ब्लेड जगतं पाण्यावर. त्यांचं म्हणणं अनुभवाचं होतं. ताठ, कोरडा केस धारेला त्रास देतो आणि कातडीलाही. भिजलेला केस सहज कापला जातो.

म्हणून सगळ्यांत जास्त वेळ भिजवण्यावर घालव. लोक इथेच घाई करतात आणि मग रेझरला बोल लावतात. दाढी आंघोळीनंतर करावी, किंवा निदान कोमट पाण्याने तोंड साबण लावून धुवावं आणि दोन-तीन मिनिटं गालांवर पाणी राहू द्यावं. कोमट म्हणजे हाताला सुखाचं. कढत पाण्याने कातडी लाल होते आणि नंतर झोंबते. तोंड पुसू नकोस. ओल्या गालावरच ब्रश चालव.

ब्रश वापर. बोटांनी क्रीम लावण्यात आणि ब्रशने फेस करण्यात फार अंतर आहे. ब्रशचे केस दाढीच्या खुंटांना उभं करतात, फेस मुळापर्यंत पोचवतात आणि कातडीवरची मेलेल्या पापुद्र्यांची धूळ सोडवतात. महागडा बॅजरचा ब्रश लागतो असं नाही. हल्लीचे कृत्रिम केसांचे ब्रश मऊ असतात, लवकर वाळतात आणि आपल्या पावसाळ्यात त्यांना कुबट वास येत नाही. ब्रश पाण्यात बुडवून एकदा झटक, त्यावर वाटाण्याएवढं क्रीम घे आणि गालावर गोल गोल फिरव. फेस कोरडा वाटला तर ब्रशचं टोक पाण्याला लावून पुन्हा फिरव. फुगीर बुडबुड्यांचा फेस दिसायला छान, पण कामाचा नाही. बुडबुडे बारीक होत जाऊन फेस दाट आणि चकचकीत झाला, की तो बरोबर. गालाला बोट लावलं तर घसरायला हवं. ते घसरणंच तुझं संरक्षण आहे.

यात एक अडचण पाण्याची आहे, आणि ती पुस्तकी नाही. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं ना? नळाच्या तोटीवर पांढरे डाग धरतात, साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी जुळून चिकट गाळ करतात. फेस बसतो, ब्लेड अडखळतं, आणि माणूस समजतो की रेझर वाईट. मराठवाड्यात आणि शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांत हे सर्रास आहे. उपाय सोपा: दाढीपुरतं एक तांब्याभर पाणी पिण्याच्या आरओ फिल्टरचं घे, किंवा उकळून निवळलेलं घे. उकळल्याने सगळा जडपणा जात नाही, पण थोडा कमी होतो. साबणाच्या वडीऐवजी क्रीम वापरलं आणि नेहमीपेक्षा जरा जास्त घेतलं, तरी फरक पडतो. नवा रेझर आवडला नाही म्हणून परत करणाऱ्यांनी आधी पाणी बदलून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

ब्लेड लावण्याआधी आणखी एक काम आहे. आदल्या दिवशीची दाढी वाढलेली असताना कोरड्या गालावर तळहात फिरव. ज्या दिशेला हात सुळकन जातो तो केसांचा रोख. ज्या दिशेला टोचतं ती उलट दिशा. गालांवर केस साधारण खालच्या बाजूला वाढतात. गळ्यावर मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणाचे खालून वर, कुणाचे कानाकडून मध्याकडे, आणि जबड्याच्या कोनाखाली पुष्कळांना भोवराच असतो. तुझ्या गळ्याला जे लाल पुरळ उठतं, ते बहुतेक तिथेच. हा नकाशा एकदा बोटांनी वाच आणि लक्षात ठेव. आमचे नाभिक काका गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यावर बोलत बोलत गालावरून हात फिरवायचे. ते त्यांचं वाचन चालू असायचं.

आता पहिला हात. रेझरची टोपी गालावर टेकव आणि दांडा गालापासून सरळ बाहेर काढलेला धर. या स्थितीत ब्लेड कातडीला लागत नाही. मग दांडा हळूहळू खाली आण. एका जागी ब्लेड केसाला भिडल्याचं जाणवेल आणि खरखर ऐकू येईल. तोच कोन. त्या वेळी ब्लेड आणि कातडी यांच्यात तीसेक अंशांचा कोन असतो, पण अंश मोजत बसू नकोस, कानाने शीक. बाथरूममधला पंखा आणि फोनवरची गाणी पहिले काही दिवस बंद ठेव. कोन बरोबर असला की आवाज स्वच्छ येतो, बिघडला की मंद होतो.

आणि जोर देऊ नकोस. सगळ्या कानमंत्रांत हा मोठा. कार्ट्रिज दाबून चालवायची सवय बोटांत मुरलेली असते. प्लॅस्टिकच्या रेझरला वजन नाही, म्हणून हात दाबतो. तुझ्या स्टीलच्या रेझरला स्वतःचं पुरेसं वजन आहे, ते खाली उतरायला समर्थ आहे. तू फक्त त्याला वाट दाखव. दांडा मुठीत आवळू नकोस. अंगठा आणि दोन-तीन बोटांच्या टोकांत, जमेल तितका खालच्या टोकाकडे धर. खालून धरलं की दाबायची ताकदच कमी राहते. दुसऱ्या हाताने कातडी हलकीच ताण. इंच-दीड इंचाचे आखूड हात मार. दोन-तीन हातांनंतर रेझर पाण्यात खळबळून काढ. तो बेसिनच्या कडेवर आपटायचा नाही. त्याने धारही जाते आणि बेसिनही.

पहिला आठवडा फक्त सुलटी दाढी. म्हणजे केसांच्या रोखाने, एकदाच. जिथे राहिलं असेल तिथे पुन्हा फेस लावून मगच दुसरा हात. फेस नसलेल्या जागी ब्लेड लावायचं नाही, हा नियम कधीच मोडू नये. गाल चकचकीत झाले नाहीत तरी चालेल. आठवडाभर लोकांना थोडी सावली दिसली तर काही बिघडत नाही. दुसऱ्या आठवड्यात आडवा हात मारून बघ, कानाकडून नाकाकडे. उलटी दाढी, म्हणजे रोखाच्या विरुद्ध, सगळ्यात शेवटी, आणि ती फक्त गालांवर. गळ्यावर उलटी करू नकोस. रोज दाढी करणाऱ्याला तिची गरजच नसते. केस दिवसाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वाढतो, उद्या सकाळी तू पुन्हा आरशासमोर असणारच आहेस.

उलट्या दाढीचा हट्ट हेच त्या लाल पुरळाचं मूळ असतं. केस कातडीच्या पातळीखाली कापला गेला की वाढताना त्याचं टोक आतल्या आत वळतं आणि तिथे फुणशी उठते. कुरळ्या केसांच्या माणसांना हा त्रास जास्त. अनेक ब्लेडांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं ब्लेड केस ओढतं आणि मागचं तो आणखी खालून कापतं, म्हणून त्रास वाढतो. एका ब्लेडच्या रेझरने, हलक्या हाताने, रोखाने दाढी केली तर पुष्कळांचा गळा शांत होतो. तुझ्यासाठी या रेझरचा खरा फायदा हा आहे, आणि मला तो पैशाच्या बचतीपेक्षा मोठा वाटतो. पुरळ पिकत असेल, काळे डाग राहत असतील, तर काही दिवस दाढी थांबवून त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

अवघड जागा तीन. कंठमणी: कातडी बोटांनी बाजूला सरकव म्हणजे ती उंचवट्यावरून सपाट जागेवर येते, मग हात मार. हनुवटी: खालचा ओठ दातांवर ओढून घे आणि फार छोटे हात मार, इथे केस सर्वांत राठ. नाकाखाली: टोपी नाकाला टेकवून थोडा उभा कोन ठेव. तू मिशी ठेवतोस, तेव्हा तुला इथे फक्त तिची कड, तीही शेवटी, ताज्या फेसात. कल्ल्यांपाशी दोन्ही बाजू सारख्या दिसण्यासाठी आरशात समोर बघत, तोंड न वळवता खूण धर.

दाढी झाली की थंड पाणी, आणि मग तुरटी. सलूनमधला तुरटीचा खडा घरीही ठेवावा. ओल्या गालावर फिरवला की कातडी आवळून येते, बारीक रक्त थांबतं, आणि तो तुला एक गोष्टही सांगतो: जिथे जास्त झोंबेल तिथे तू जोर दिला होतास. पहिल्या महिन्यात तुरटीइतका चांगला शिक्षक नाही. मिनिटभराने ती धुऊन टाक, नाहीतर कातडी कोरडी पडते. खडा प्रत्येकाचा वेगळा असावा. त्यानंतर साधं मॉइश्चरायझर पुरे. दारूसारखा दर्प असलेलं आफ्टरशेव्ह ज्यांना सोसतं त्यांनी खुशाल लावावं, तुझ्या गळ्याला ते नको. मुरुमं येणाऱ्याने तोंडाला खोबरेलही चोळू नये.

कापलंच तर घाबरू नकोस. स्वच्छ ओल्या फडक्याने दोन-तीन मिनिटं सलग दाबून धर, मधे मधे उघडून बघायचं नाही. बहुतेक वेळा एवढ्याने थांबतं. तुझ्या बाबांना मात्र हा रेझर वापरायचा मोह झाला तर त्यांना सांभाळून करू दे. हृदयासाठी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांचं रक्त लवकर थांबत नाही, आणि मधुमेहात जखम हळू भरते. त्यांना त्यांचं वेगळं ब्लेड दे, शक्यतो वेगळा रेझरच दे. घरातल्या घरातसुद्धा ब्लेड सामायिक नको; कावीळ ब आणि क रक्तातून पसरते. सलूनमध्ये गेलास तरी तुझ्यासमोर नवं ब्लेड पाकिटातून काढून वस्तऱ्यात घालायला सांग. आता बहुतेक कारागीर न सांगताच तसं करतात, आणि विचारल्याचा त्यांना राग येत नाही.

आपल्याकडे काही घरांत शनिवारी, अमावास्येला दाढी करत नाहीत. तू पाळ किंवा नको पाळू, पण आठवड्यातून एक दिवस कातडीला मोकळा दे. तिला तो मानवतो.

जुना कार्ट्रिजचा रेझर फेकू नकोस. उशीर झाला, हात थरथरतोय, ताप आहे, गाडीत बसून आलास, अशा दिवशी तोच बरा. जिलेट कंपनीने २०१० मध्ये भारतासाठी 'गार्ड' नावाचा रेझर काढला, तेव्हा नळ नसलेल्या घरांत जमिनीवर बसून, एका मगाएवढ्या पाण्यात, छोट्या आरशात दाढी करणारे लोक डोळ्यांसमोर ठेवले होते. त्यात ब्लेड एकच ठेवलं आणि धुवायला सोपं केलं. माणूस कुठे, कसा बसून दाढी करतो त्याप्रमाणे अवजार ठरतं, हे मला पटतं. तुझ्याकडे बेसिन आहे, उजेड आहे, आणि सकाळची दहा मिनिटं तू काढू शकतोस, म्हणून तुला हा रेझर शोभतो.

विमानाने जाताना ब्लेड हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, तपासणीत काढून घेतील. सामानात चढवायच्या बॅगेत पाकिटासकट ठेव. बॅग हातातच असेल तर फक्त रेझर ने, ब्लेड पोचल्यावर तिथल्या दुकानातून घे.

वापर झाला की रेझर धुऊन झटकून उभा ठेव. ब्लेडची धार टॉवेलने पुसायची नाही. बोट कापतं आणि धारही बिघडते. आठवड्याला एकदा पूर्ण उघडून जुन्या टूथब्रशने साबणाचा थर काढ. कोकणात आजोळी गेलास की पावसाळ्यात ब्लेड काढून कोरडं ठेव, तिथल्या दमट हवेत स्टेनलेसही डाग धरतं.

महिनाभर हे एवढं केलंस तर रेझर तुझ्या हातात बसेल, आणि त्या वेळीच ठरव की तो ठेवायचा की कुणाला द्यायचा. माझं मत विचारशील तर ठेव. रोज दाढी करणाऱ्याला एक चांगला स्टीलचा रेझर आणि साधी ब्लेडं यांहून जास्त काही लागत नाही. दुसरा, तिसरा रेझर घेण्यात पैसे घालवू नकोस. तेवढ्यात चांगला ब्रश येतो.

आणि शेवटचं. वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नकोस. आपला कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या बोटांत ते शिरतं. झाकणाचा एक पत्र्याचा डबा घे, झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाड, झाकण पक्कं चिकटव आणि तो आरशाखाली ठेव. भरायला वर्षं लागतील. भरला की चिरेवर चिकटपट्टी लाव, वर मोठ्या अक्षरांत 'ब्लेड' लिही आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात, काय आहे ते सांगून, वेगळा दे. हा डबा पहिलं ब्लेड उघडायच्या आधी तयार ठेव.